इथिलीनची साखळी: सुरू कशी होते, थांबते कुठं, आणि उष्णता जाते कुठं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहावीच्या विज्ञानात इथिलीनपासून पॉलिथीन होतं, एवढं एका ओळीत आणि एका तक्त्यात दिलेलं असतं. दुहेरी बंध उघडतो, रेणू एकमेकांना जोडले जातात, झालं. वर्गातली मुलं मात्र पुढं विचारतात. बंध आपोआप उघडतो का? एकाच इथिलीनपासून दुधाची लुसलुशीत पिशवी आणि तेलाचा कडक कॅन हे दोन्ही कसे होतात? आणि साखळी जोडता येते, तर मग ती उलट सोडवून प्लास्टिकचा प्रश्न मिटवता का येत नाही?

मी आधी पॉलिथीनच्या आणि नंतर पीव्हीसीच्या प्लांटमध्ये काम केलं आहे. या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे असं माझं मत आहे. पुस्तक जोडणीवर थांबतं. प्रत्यक्षात प्लास्टिकचा स्वभाव ठरतो तो साखळी थांबते कशी आणि फाटे कुठं फुटतात यावर. आणि कारखान्याचं रूप ठरतं ते जोडणीतून निघणारी उष्णता कशी काढून घ्यायची यावर. पुस्तकातले एकवारिक आणि बहुवारिक म्हणजे आमचे मोनोमर आणि पॉलिमर. मी पुढं सवयीचे शब्द वापरतो.

आधी बंधाबद्दल. दुहेरी बंधातले दोन बंध सारख्या ताकदीचे नसतात. पहिला, सिग्मा बंध, दोन कार्बनांना समोरासमोर घट्ट धरतो. दुसरा, पाय बंध, त्यांच्या वर-खाली पसरलेला आणि तुलनेनं कमजोर. साखळीत एक इथिलीन शिरतं तेव्हा एक पाय बंध तुटतो आणि त्याच्या जागी शेजारच्या कार्बनशी एक नवा सिग्मा बंध तयार होतो. कमजोर गेला, भक्कम आला, आणि फरकाची ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर पडली. इथिलीनसाठी ही उष्णता दर मोलला साधारण ९४ किलोज्यूल आहे. काहीही बाहेर पडत नाही, पाणी नाही, आम्ल नाही. जेवढं मोनोमर आत, तेवढंच पॉलिमर बाहेर. म्हणून याला समावेशन म्हणायचं.

पण फायद्याची अभिक्रिया आपोआप होईलच असं नाही. शुद्ध इथिलीन सिलिंडरमध्ये वर्षानुवर्षं इथिलीनच राहतं. पाय बंध उघडायला कुणीतरी आधी धक्का द्यावा लागतो. एलडी, म्हणजे कमी घनतेच्या मऊ पॉलिथीनमध्ये हे काम पेरॉक्साइड करतं, काही प्लांटमध्ये थोडासा ऑक्सिजन. पेरॉक्साइडच्या रेणूत दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले असतात आणि तो बंध साध्या कार्बन-कार्बन बंधाच्या निम्म्याहूनही दुबळा असतो. गरम केलं की रेणू मधोमध तुटतो आणि दोन तुकडे होतात, प्रत्येकाजवळ एक-एक एकटा इलेक्ट्रॉन. हा मुक्त मूलक. तो इथिलीनच्या पाय बंधातला एक इलेक्ट्रॉन आपल्याकडं घेऊन जोडी जमवतो. उरलेला इलेक्ट्रॉन इथिलीनच्या दुसऱ्या टोकाला एकटा पडतो. म्हणजे मूलक संपला नाही, फक्त एक पाऊल पुढं सरकला. तो पुढच्या इथिलीनला धरतो, तिथं पुन्हा तेच. फळ्यावर काढताना तीन-चार पायऱ्या काढून आपण टिंबं देतो. खऱ्या साखळीत अशा हजारो पायऱ्या असतात.

मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगा, कारण ती पुस्तकातल्या चित्रावरून कळत नाही. या साखळ्या हळूहळू, सगळ्या मिळून, सारख्या वेगानं वाढत नाहीत. एखादी साखळी सुरू होते, सेकंदभरात किंवा त्याहूनही कमी वेळात पूर्ण लांबीची होते आणि मरते. त्या वेळी शेजारचं बहुतेक मोनोमर अजून जसंच्या तसं असतं. त्यामुळं अभिक्रिया निम्मी झाली याचा अर्थ साखळ्या निम्म्या लांबीच्या झाल्या असा होत नाही. निम्मं मोनोमर पूर्ण वाढलेल्या साखळ्यांत गेलं आणि निम्मं अजून शिवलंच गेलं नाही, असा होतो. पाण्याची बाटली ज्या पेटची असते त्याचं उलट आहे. तिथं संघनन होतं, आधी दोनांचे, मग चारांचे तुकडे होतात आणि खरी लांबी अगदी शेवटी येते. कोणत्याही क्षणी रिॲक्टरमध्ये जिवंत मूलकांचं प्रमाण इतकं कमी असतं की साधारणपणे लिटरला एका मोलचा दहा कोटीवा भाग धरला जातो. त्यांच्यावर सगळा खेळ चालतो.

आता साखळी मरते कशी ते बघू. दोन वाढत्या साखळ्यांची टोकं एकमेकांना भेटली तर त्यांचे एकटे इलेक्ट्रॉन जोडी जमवतात आणि दोन्हींची मिळून एक मृत साखळी होते. किंवा एक टोक दुसऱ्याकडून हायड्रोजन काढून घेतं, मग दोन मृत साखळ्या उरतात. तिसरा प्रकार जास्त महत्त्वाचा. वाढतं टोक जवळच्या कुठल्यातरी रेणूचा हायड्रोजन ओढून घेतं. ते स्वतः मरतं, पण मूलकपण त्या दुसऱ्या रेणूकडं जातं आणि तिथून नवी साखळी सुरू होते. याला चेन ट्रान्स्फर म्हणतात. वेग तेवढाच राहतो, लांबी मात्र कमी होते. कारखान्यात साखळीची लांबी बहुधा या तिसऱ्या मार्गानंच काबूत ठेवली जाते.

एलडीमध्ये याचाच एक खास प्रकार घडतो आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं आहे. वाढतं टोक मागं वळतं आणि स्वतःच्याच साखळीतल्या, साधारण पाच कार्बन मागच्या जागेवरचा हायड्रोजन ओढतं. मूलक आता टोकाला न राहता मधे आला. पुढची वाढ तिथून सुरू होते आणि मूळ टोक चार कार्बनांची शेंडी होऊन बाजूला लोंबत राहतं. एलडीत दर हजार कार्बनांमागं असे वीस-तीस आखूड फाटे सहज सापडतात. जर टोकानं दुसऱ्याच एखाद्या लांब साखळीचा हायड्रोजन ओढला तर फाटाही लांब होतो. फाटे असलेल्या साखळ्या एकमेकींशेजारी नीट घडी करून बसू शकत नाहीत. स्फटिक कमी होतात, घनता ०.९२ च्या आसपास राहते, पदार्थ मऊ, पारदर्शकतेकडं झुकणारा आणि ११० अंशांच्या जवळपास वितळणारा होतो. फाटे नसलेली साखळी मात्र घट्ट बसते, घनता ०.९५ ते ०.९६ पर्यंत जाते आणि वितळायला १३० अंशांच्या वर जावं लागतं. तोच कार्बन, तोच हायड्रोजन, जवळपास त्याच प्रमाणात.

एलडीचा शोध हा या सगळ्या शास्त्राआधीचा आहे. इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यातल्या विनिंग्टन इथं आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट हे इथिलीन आणि बेन्झाल्डिहाइड यांची प्रचंड दाबाखाली अभिक्रिया करून बघत होते. २७ मार्च १९३३ ला भांड्यात थोडा पांढरा मेणासारखा पदार्थ मिळाला. प्रयोग पुन्हा केला तर कधी काहीच मिळेना, कधी स्फोट होई. डिसेंबर १९३५ मध्ये मायकेल पेरिन आणि सहकाऱ्यांनी जास्त मजबूत उपकरणात तो पुन्हा केला. उपकरणाला गळती होती, कमी पडलेलं इथिलीन वरून भरलं, आणि त्या नव्या इथिलीनमध्ये ऑक्सिजनचा योग्य तेवढा अंश होता. पेरॉक्साइडचं काम त्या ऑक्सिजननं केलं. पहिला प्लांट १ सप्टेंबर १९३९ ला सुरू झाला, ज्या दिवशी जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. युद्धात हे पॉलिथीन रडारच्या केबलींवर इन्सुलेशन म्हणून गेलं. पिशव्या फार नंतर आल्या.

ऑक्सिजनचा तो अंश कमी पडला की काही होत नाही आणि जास्त झाला की स्फोट होतो, याचं कारण उष्णतेत आहे. मोलचे आकडे बाजूला ठेवून किलोचा हिशेब करू. ९४ किलोज्यूल २८ ग्रॅमला, म्हणजे एका किलोला सुमारे ३,३५० किलोज्यूल. एक किलो इथिलीनचं पॉलिथीन होताना १० लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत नेईल एवढी उष्णता निघते. ताशी १० टन माल काढणाऱ्या रिॲक्टरमधून नऊ मेगावॅटच्या वर उष्णता अखंड काढून घ्यावी लागते. आणि ती काढली नाही तर? इथिलीनची स्वतःची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता बघितली तर दर एक टक्का रूपांतरामागं तापमान १२-१३ अंशांनी चढतं. वर मूलकांचा वेग तापमानाबरोबर वाढतो. म्हणजे उष्णता वेग वाढवते आणि वेग उष्णता वाढवतो. साधारण ३०० अंशांच्या पुढं इथिलीन पॉलिमर होण्याऐवजी फुटायला लागतं, त्याचं कार्बन, मिथेन आणि हायड्रोजन होतं, आणि फुटण्यातूनही आणखी उष्णता निघते. प्लांटमध्ये याला नुसतं डीकॉम्प म्हणतात. रप्चर डिस्क, म्हणजे दाब फार चढला की मुद्दाम फुटाव्यात म्हणून बसवलेल्या चकत्या, फुटतात, काजळीचा काळा लोट वर जातो, आणि ज्यानं तो आवाज ऐकला आहे तो तापमानाच्या आलेखाकडं पाठ करून कधी बसत नाही.

म्हणून एलडीचा रिॲक्टर तुम्ही चित्रात कल्पना कराल तसा हौद नसतो. ती बहुधा जाड भिंतीची, आतून काही सेंटीमीटर रुंद आणि एक-दोन किलोमीटर लांब नळी असते, मागं-पुढं वळवून बसवलेली. आत दोन ते तीन हजार बार दाब, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या दोन-तीन हजार पट. बाहेरून पाण्याचं जॅकेट, मधे मधे पेरॉक्साइड सोडायच्या जागा. इथिलीन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जेमतेम एक-दोन मिनिटांत पोचतं. एवढी यातायात करूनही एका फेरीत फक्त २० ते ३५ टक्के इथिलीनचं पॉलिमर होतं. उरलेलं मुद्दाम न वापरलेलं असतं, कारण तेच उष्णता वाहून नेतं. ते थंड करून, पुन्हा दाबून, परत आत सोडायचं. मुलांना ७० टक्के वाया जातं असं वाटेल, तसं नाही, ते फेऱ्या मारत राहतं.

कडक कॅनचं उत्तर दुसऱ्या रस्त्यानं आलं. जर्मनीत रूर नदीकाठच्या म्युल्हाइमला कार्ल त्सिग्लर यांना एका प्रयोगात इथिलीनची अपेक्षेपेक्षा अगदीच तोकडी साखळी मिळाली. शोध घेतल्यावर कळलं की भांड्यात निकेलचा अंश राहिला होता. मग त्यांनी एकामागून एक इतर धातू तपासले आणि १९५३ मध्ये टायटॅनियम क्लोराइड आणि ॲल्युमिनियमचं एक सेंद्रिय संयुग यांच्या मिश्रणानं साध्या वातावरणीय दाबाला, साध्या काचेच्या भांड्यात पॉलिथीन तयार झालं. ज्यासाठी हजार-दोन हजार बार लागत होते ते.

इथं मूलक नाही. टायटॅनियमच्या अणूवर एक रिकामी जागा असते. इथिलीन तिथं येऊन टेकतं, पाय बंध उघडतो आणि ते धातू आणि आधीची साखळी यांच्या मधे शिरतं. एलडीची साखळी शेंड्याकडून वाढते, ही केसासारखी मुळाकडून वाढते. वाढीची जागा धातूला चिकटलेली असल्यामुळं टोक मागं वळून हायड्रोजन ओढण्याचा प्रश्नच येत नाही. साखळी सरळ येते. हा एचडी, म्हणजे जास्त घनतेचा. पुढं लक्षात आलं की फाटे हवे असतील तर तेही मोजून देता येतात: इथिलीनबरोबर थोडं ब्युटीन किंवा हेक्झीन सोडायचं. त्यांचा दुहेरी बंध साखळीत शिरतो आणि उरलेले दोन किंवा चार कार्बन बाजूला फाटा म्हणून राहतात. हा एलएलडी, म्हणजे सरळ साखळीचा पण कमी घनतेचा. एलडीतले फाटे अपघातानं येतात, एलएलडीतले आपण ठरवून लावतो. हा फरक मला आजही फार सुंदर वाटतो.

दुधाच्या पिशवीची फिल्म बहुधा एलडी आणि एलएलडी मिसळून केलेली असते. एलडीमुळं ती कारखान्यात फुग्यासारखी फुगवून करताना नीट उभी राहते आणि एलएलडीमुळं टोचलं-ताणलं तरी फाटत नाही. बाजारात मिळणारी पातळ, कुरकुर वाजणारी पिशवी एचएमची, म्हणजे लांब साखळ्यांच्या एचडीची. तेलाचा कॅन एचडीचा. गच्चीवरची पाण्याची टाकी मात्र कडक दिसते म्हणून एचडीची असेल असं बरेच जण धरून चालतात. साच्यात भुकटी घालून, साचा फिरवत भाजून केलेली टाकी सहसा एलएलडीची असते, कारण उन्हात वर्षानुवर्षं उभं राहून तडा न जाणं हा गुण तिथं जास्त मोलाचा आहे. ठिबकच्या नळ्यांतही तोच एलएलडी.

प्रॉपिलीनची गोष्ट याच टप्प्यावर सांगायला हवी. इथिलीनला एक मिथिल गट लावला की प्रॉपिलीन. मूलकाच्या पद्धतीनं त्याचं प्लास्टिक होत नाही. मूलक त्याच्या दुहेरी बंधाऐवजी त्या मिथिलवरचा हायड्रोजन ओढतो, आणि मागं उरणारा मूलक इतका स्थिर असतो की तो पुढं कुणाला धरतच नाही. साखळी सुरू होते न होते तोच विझते. त्सिग्लरच्या प्रकारचा उत्प्रेरक घेऊन मिलानला जुलिओ नात्ता यांनी मार्च १९५४ मध्ये प्रॉपिलीनची लांब साखळी मिळवली. तीही अशी की सगळे मिथिल गट साखळीच्या एकाच अंगाला. धातूभोवतीच्या जागेचा आकारच असा असतो की प्रॉपिलीनला एकाच बाजूनं आत शिरता येतं. सगळे मिथिल एका ओळीत असले की साखळ्या स्फटिक करतात आणि १६० अंशांच्या वर वितळणारा कडक पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी मिळतो: खुर्च्या, दोर, सिमेंटची आणि साखरेची विणलेली पोती. तेच मिथिल वाटेल तसे दोन्ही अंगांना पडले तर हाती चिकट डिंकासारखा पदार्थ येतो. अणू तेवढेच, जोडणीही तीच, फक्त गट कुठल्या बाजूला हा फरक. त्सिग्लर आणि नात्ता यांना १९६३ चं नोबेल मिळालं.

महाराष्ट्रात हे सगळं रायगड जिल्ह्यात नागोठण्याला होतं. मुंबई हायचा वायू उरणला उतरतो, त्यातले ईथेन आणि प्रोपेन वेगळे करून नागोठण्याला पाठवतात, तिथं ते क्रॅकरमध्ये तापवून इथिलीन-प्रॉपिलीन करतात आणि शेजारीच पॉलिमर. मुलांना सहलीचं ठिकाण म्हणून नव्हे, पण समुद्राखालचा वायू ते घरातली पिशवी हा प्रवास दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या टप्प्यात होतो हे नकाशावर दाखवता येईल.

उत्प्रेरकाच्या या पद्धतीत साखळी थांबवायला हायड्रोजन वायू सोडतात. तो धातूवरची साखळी सोडवतो, जागा मोकळी होते आणि नवी साखळी सुरू होते. हायड्रोजन वाढवला की साखळ्या आखूड. ही लांबी मोजायची रोजची पद्धत अगदी साधी आहे. तयार प्लास्टिकचा दाणा वितळवायचा, ठरलेलं वजन ठेवून ठरलेल्या भोकातून ढकलायचा आणि दहा मिनिटांत किती ग्रॅम बाहेर आला ते बघायचं. हा एमएफआय, म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्स. पॉलिथीनला १९० अंश आणि २.१६ किलो, पीपीला २३० अंश आणि तेवढंच वजन. आकडा मोठा म्हणजे माल पातळ, म्हणजे साखळ्या आखूड. बादली-मग करणाऱ्याला मोठा एमएफआय हवा, कारण साचा पटकन भरला पाहिजे. पिशवी किंवा पाइप करणाऱ्याला छोटा हवा, कारण ताकद हवी. दाण्याच्या पोत्यावरचा ग्रेड बघून कारखानदार भाव करतो, तेव्हा तो खरं तर साखळी कुठं थांबवली याचाच भाव करत असतो. दुसऱ्या टोकाला, गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत दोन धातूंच्या मधे जी पांढरी गादी बसवतात ती पॉलिथीनचीच, पण तिथं एका साखळीत लाखभर किंवा त्याहून जास्त इथिलीन असतात. तो पदार्थ वितळून वाहतच नाही, एमएफआय मोजताही येत नाही.

या उत्प्रेरकांना पाणी, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड हे दशलक्षात काही भाग असले तरी चालत नाही. ते धातूवरची रिकामी जागा अडवून बसतात. त्यामुळं मोनोमर शुद्ध करणारा विभाग मूळ रिॲक्टरइतकाच मोठा असतो. पण हेच विष वेळेला उपयोगी पडतं. वायूच्या झोतावर तरंगणाऱ्या भुकटीचे जे रिॲक्टर असतात, त्यांत वायूचा प्रवाह बंद पडला तर भुकटी खाली बसते, उष्णता अडकते आणि काही वेळात आतला माल वितळून एकच गठ्ठा होतो. अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड आत सोडतात. उत्प्रेरक त्या क्षणी थंडावतो.

पीव्हीसीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मुलांच्या घरातला नळाचा पांढरा किंवा राखाडी पाइप त्याचाच असतो आणि कोकणात रत्नागिरीजवळ त्याचा मोठा प्लांट आहे. इथं उष्णतेचा प्रश्न पाण्यानं सोडवला आहे. व्हिनाइल क्लोराइड दाबाखाली द्रव ठेवतात, पाण्यात ढवळून त्याचे बारीक थेंब करतात, आणि थेंब एकमेकांत मिसळू नयेत म्हणून पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखं काही घालतात. पेरॉक्साइड थेंबात विरघळलेलं असतं. प्रत्येक थेंब हा एक छोटा रिॲक्टर, आणि त्याच्या चारी बाजूंनी उष्णता पिणारं पाणी. शेवटी थेंबाची पांढरी, सच्छिद्र, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी कणी होते.

गंमत अशी की इथं साखळीची लांबी हायड्रोजननं किंवा पेरॉक्साइडच्या प्रमाणानं ठरत नाही, जवळजवळ फक्त तापमानानं ठरते. व्हिनाइल क्लोराइडमध्ये वाढती साखळी मोनोमरलाच मूलकपण देऊन मरते, आणि असं किती वेळा होणार हे तापमान सांगतं. साखळीची लांबी इथं के-व्हॅल्यू नावाच्या आकड्यानं सांगतात, आकडा मोठा म्हणजे साखळी लांब. पाइपाला लागणारा के-व्हॅल्यू ६७ चा रेझिन ५७ अंशांच्या आसपास होतो. तापमान चढवून ७० जवळ नेलं तर ५७-५८ चा, म्हणजे आखूड साखळीचा. एका बॅचमध्ये तापमान अर्ध्या अंशाच्या आत धरून ठेवायचं ते यासाठी. वीज गेली आणि ढवळणं थांबलं तर थेंब वर तरंगून एकत्र येतात आणि उष्णता बाहेर जायचा मार्ग बंद होतो. म्हणून मूलक मारणारं द्रव्य, शॉर्टस्टॉप, दाबाच्या टाकीत कायम तयार ठेवलेलं असतं आणि ते विजेशिवाय आत जाईल अशी सोय असते. न वापरलेलं मोनोमर शेवटी वाफेनं काढून टाकतात. १९७४ मध्ये अमेरिकेत पीव्हीसी कामगारांमध्ये यकृताचा एक दुर्मीळ कर्करोग व्हिनाइल क्लोराइडमुळं झाल्याचं उघड झालं, तेव्हापासून या टप्प्याला सर्वांत जास्त शिस्त आली. पाइप आणि ज्यापासून तो झाला तो वायू हे आरोग्याच्या दृष्टीनं दोन पूर्ण वेगळे पदार्थ आहेत, हेही वर्गात सांगण्यासारखं आहे.

स्टायरीनचा, म्हणजे थर्माकोलच्या मोनोमरचा मुद्दा मी टाळू शकत नाही. त्याला पेरॉक्साइडही लागत नाही, नुसत्या उष्णतेनं तो स्वतःच मूलक तयार करतो. साध्या तापमानाला हा वेग कमी असतो, तरी शून्य नसतो. म्हणून साठवताना टाकी थंड ठेवतात आणि मूलक शोषून घेणारं द्रव्य, टीबीसी, अगदी थोडं घालतात. ते द्रव्य काम करायला विरघळलेला ऑक्सिजनही लागतो. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमला लॉकडाउनमध्ये पडून असलेल्या टाकीत ही सगळी राखण अपुरी पडली. स्टायरीन तापू लागलं, आपोआप साखळ्या सुरू झाल्या, उष्णतेनं उरलेल्या स्टायरीनची वाफ झाली आणि शेजारच्या वस्तीत पसरली. १२ माणसं गेली. त्यात पॉलिमरायझेशन दाट होत गेलं की आणखी एक गोष्ट घडते: साखळ्या इतक्या जड होतात की त्यांची टोकं एकमेकांना भेटूच शकत नाहीत, म्हणजे मरणं थांबतं, पण लहानसं मोनोमर अजून सहज हिंडत असतं, म्हणजे वाढ चालूच राहते. ॲक्रिलिकचे पत्रे ओतणाऱ्यांना हा अचानक येणारा वेग चांगला माहीत असतो, पत्रा आतून उकळून बुडबुडे धरतो. समावेशन अभिक्रिया शिकवताना तिच्यात पदार्थ वाया जात नाही एवढंच सांगितलं जातं. ती थांबवायला कुणी नसेल तर काय होतं हेही त्याच तासाला सांगायला हवं.

आता शेवटचा प्रश्न, साखळी उलट सोडवण्याचा. तत्त्वतः प्रत्येक साखळीचं एक तापमान असतं, ज्याच्या वर सुटणं जोडण्यापेक्षा फायद्याचं होतं. ॲक्रिलिकचं हे तापमान बरंच कमी आहे. त्याचा भंगार तापवला की साखळी टोकाकडून एकेक मोनोमर सोडत जाते आणि बहुतेक सगळं मोनोमर परत मिळतं. हा धंदा प्रत्यक्ष चालतो. पॉलिस्टायरीनमधूनही बरंच स्टायरीन परत येतं. पॉलिथीनचं तसं नाही. ते सुटायला लागतं त्या तापमानाला साखळीतला कुठलाही कार्बन-कार्बन बंध तुटू शकतो, त्यामुळं ती वाटेल तिथं तुटते आणि हाती मेण, तेल आणि वायू यांचं मिश्रण येतं. ते तेल क्रॅकरमध्ये घालून पुन्हा इथिलीन करता येतं, पण तो खर्चिक फेरा आहे. पीव्हीसी तापवलं तर साखळी तुटायच्या आधीच हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो, माल पिवळा, तांबडा आणि मग काळा पडतो. पेटमध्ये प्रत्येक जोडावर ऑक्सिजन असलेला एक बंध असतो, तिथं पाणी किंवा ग्लायकॉल जाऊन साखळी नीट सुटी करता येते. पॉलिथीनच्या पाठीच्या कण्यात कार्बनशिवाय काहीच नाही. रसायनाला धरायला जागा नाही, म्हणून जंतूलाही नाही. जो गुण त्याला केबलीवर आणि पाइपात टिकवतो, तोच त्याला गटारात आणि खाडीत टिकवतो. म्हणून पॉलिथीनच्या बाबतीत साखळी न तोडता, धुऊन, वितळवून पुन्हा दाणा करणं हाच आज सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे, आणि त्यासाठी एलडी, एचडी, पीपी, पीव्हीसी आधी वेगळे व्हावे लागतात.

हे वेगळं करणं वर्गात दाखवता येतं. दुधाच्या धुतलेल्या पिशवीचा न छापलेला तुकडा, तेलाच्या कॅनचा तुकडा, पोत्याची पट्टी, नळाच्या पाइपाचा काप आणि पाण्याच्या बाटलीचा तुकडा घ्या. साध्या पाण्यात पाइप आणि बाटली बुडतील, बाकीचे तरंगतील. मग तरंगणारे तुकडे नव्या पाण्यात ठेवून त्यात स्पिरिट थोडं थोडं मिसळत जा. आधी कॅनचा एचडी बुडेल, मग दुधाची पिशवी, आणि पीपीची पट्टी सगळ्यांत शेवटी. हा क्रम म्हणजे फाट्यांचा आणि मिथिलांचा हिशेब डोळ्यांसमोर. तुकड्यांवरचे बुडबुडे बोटानं झटकून टाका, जवळपास ज्योत ठेवू नका, आणि दुधाच्या पिशवीऐवजी बाजारातली रंगीत पिशवी घेऊ नका. तिच्यात बऱ्याचदा खडूची भुकटी भरलेली असते आणि ती पॉलिथीन असूनही पाण्यात बुडू शकते.